कापरेकर मास्तरांच्या संख्या



दिवसभराच्या उकाड्यानंतर संध्याकाळी मोकळ्यावर येऊन बसावे आणि कानावर गणित पडावे, हे काही कोणी मुद्दाम मागून घेतलेले सुख नव्हे. शाळा सोडली त्याच दिवशी गणिताशीही काडीमोड घेतलेली मंडळी आपणांत पुष्कळ असतील. तेव्हा मी व्याख्यान देण्याआधी आपणांकडून थोडे काम करून घेतो. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू कोरी आहे. तीवर आपापले जन्मसाल लिहा. त्यातल्या चार आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा.

उदाहरणाला मी १९०५ हे साल घेतो. मोठी संख्या ९५१०, लहान ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ : ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७ : ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९ : ६२६४. मग ६६४२ वजा २४६६ : ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ : ६१७४. आता हिचेच पुन्हा करू गेले तर तेच ७६४१, तेच १४६७, आणि तेच ६१७४. गाडी तेथे थांबली ती थांबली. आपण कोणतेही साल घेतले असेल, कोणाला दोन वजाबाक्या लागतील, कोणाला पाच. सातांहून अधिक कोणालाच लागणार नाहीत, आणि उतरण्याचे स्थानक सर्वांचे एकच.

१९०५ हे साल मी उगाच घेतलेले नाही. त्या वर्षी १७ जानेवारीला डहाणू येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ६१७४ ही आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ ह्या नावाने ओळखली जाते, ती त्यांच्यामुळे. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, ज्योतिषाचे नादी. शाळा ठाण्यास झाली आणि कॉलेज पुण्यास, फर्ग्युसनमध्ये. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली पदवी घेतली, आणि पुढच्या वर्षी नाशिकजवळ देवळाली येथे शाळामास्तर झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते मास्तरच राहिले. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, संशोधनाला कोणाचे अनुदान नाही. जे काही केले ते कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढ्या भांडवलावर.

हा छंद देवळालीत एकाएकी उगवला असे मात्र समजू नये. आपल्याकडे त्याला जुने घराणे आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या ग्रंथात, शेवटी शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण येते. दिलेले आकडे उलटसुलट मांडून किती संख्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज किती, असे त्यातले प्रश्न. ३, ९ आणि ८ हे तीन आकडे घ्या. त्यांच्या सहा संख्या होतात आणि त्यांची बेरीज ४४४० येते. सहा ओळी मांडून बेरीज करणे कोणालाही जमेल. पण थोडे थांबून पाहिले तर असे दिसते, की एकंस्थानी प्रत्येक आकडा दोनदा येतो, दहंस्थानी दोनदा आणि शतंस्थानीही दोनदाच. तिन्ही आकड्यांची बेरीज वीस, दोनदा म्हणून चाळीस. तेव्हा चाळीस गुणिले १११, की झाले. ज्याला हे दिसले त्याला पुढच्या वेळी सहा ओळी मांडाव्या लागत नाहीत. दहा हातांच्या शंभूने आपली दहा आयुधे हातांत अदलून बदलून धरली तर किती रूपे होतील, हा प्रश्नही तेथेच आहे. उत्तर ३६,२८,८०० आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला आणि त्याला दाने मिळाली, हे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. कापरेकरांच्या देवळालीपासून हे ठिकाण काही फार लांब नव्हे, आणि असा योगायोग मनाला बरा वाटतो, एवढेच म्हणतो.

छंदःशास्त्रकारांनी तर ह्याहून सुंदर गोष्ट केली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन; तर अमुक इतक्या मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? एका मात्रेची एक तऱ्हा, दोहोंच्या दोन, तिहींच्या तीन, चारांच्या पाच, पाचांच्या आठ. चार मात्रांच्या पाच तऱ्हा आपण बोटांवर मोजू शकाल : गुरु गुरु, लघु लघु गुरु, लघु गुरु लघु, गुरु लघु लघु, आणि चार लघू. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने ह्यांतले मर्म सांगितले, की प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. ती तशी का, हेही साधे आहे. ओळीच्या शेवटी लघू असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. दोन्ही प्रकार मिळवले की झाले. हीच संख्यामाला १२०२ साली इटलीतल्या फिबोनाचीने सशांच्या जोड्यांवर मांडली, आणि आता जग तिला त्याच्या नावाने ओळखते. त्याबद्दल छाती बडवून घेण्याचे मला कारण दिसत नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो : आधी प्रस्तार मांडावयाचा, म्हणजे सगळे प्रकार एकाखाली एक लिहून काढावयाचे, मग त्यात काही ठेवण दिसते का ते पाहावयाचे, आणि मग ती ठेवण का पडली ते विचारावयाचे. आपल्या शाळांत नेमका ह्याच्या उलट क्रम चालतो. आधी सूत्र, मग सूत्राची उदाहरणे, मग त्याच उदाहरणांची परीक्षा. मुलाला प्रश्न भेटतो तोच मुळी उत्तराच्या हाताला धरून आलेला.

आता पुन्हा कापरेकरांकडे येतो. त्यांच्या एका शोधाचे नाव ‘डेमलो संख्या’. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली त्याचे नाव डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात. गाडीची वाट पाहण्यात आपणा सर्वांचे आयुष्य गेले, पण स्थानकाचे नाव संख्येला देण्याचे सुचले ते एकट्या ह्याच गृहस्थांना! ह्या संख्या पाहा : अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, एक हजार एकशे अकराचा १२३४३२१. नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१. जिना चढला आणि उतरला. वर्गात हे फळ्यावर लिहिले, की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

परंतु गणित सुरू होते ते पुढच्या पायरीवर. दहा वेळा एक लिहिला तर? मुले बेधडक सांगतात की तसाच जिना दहापर्यंत चढेल. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कोठे तरी गळाला आणि मधे दोन शून्ये आली. जिना मोडला. का मोडला हे पाहावयाचे तर गुणाकार लांबलचक मांडावा लागतो. एकांच्या ओळी एकेक घर सरकून एकाखाली एक येतात, आणि प्रत्येक उभ्या रकान्यात किती एक आले एवढेच मोजावयाचे असते : एक, दोन, तीन करीत नऊपर्यंत. दहाव्या वेळी मधल्या रकान्यात दहा होतात, आणि दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तेथे नऊ होते त्यांचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठावर जाऊन बसतो आणि आठाचे नऊ करतो. गळालेला आठ असा सापडतो. दुसरीतिसरीत ‘हातचा एक’ असे घोकलेल्या मुलाला हातच्याने एवढे मोठे नाटक घडविले हे पाहून जो आनंद होतो, तो सूत्र पाठ झाल्याच्या आनंदाहून निराळा आहे. ठेवण दिसणे ही अर्धीच गोष्ट झाली. ती कोठवर टिकते आणि कोठे तुटते हे पाहिल्यावाचून ती का होती हे कळत नाही.

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखी काही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५; मधून तोडा : २० आणि २५; बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५; ३० आणि २५; बेरीज ५५. तीन आकड्यांत २९७ घ्या : वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९, बेरीज २९७. ३०२५ ची गंमत इंग्रज कोडेकार ड्यूडनी याने १९१७ सालच्या आपल्या पुस्तकात फाटलेल्या चिठ्ठीच्या रूपाने दिली होती. पण अशा सर्व संख्यांची जात ओळखून तिच्या मागे लागले ते कापरेकर.

दोन आकड्यांत अशा संख्या किती असा प्रश्न मी नववीच्या वर्गाला देत असे. पहिल्या दिवशी मुले अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत वर्ग करीत सुटत. करू द्यावेत. त्याने हात बसतो आणि कंटाळाही येतो, आणि कंटाळा हा गणितात मोठा गुरू आहे. दुसऱ्या दिवशी मी एवढेच विचारी, की २०२५ आणि ४५ ह्यांच्यात अंतर किती? १९८०. आणि ३०२५ व ५५ ह्यांच्यात? २९७०. बऱ्याच वेळाने कोणी तरी म्हणे, “सर, दोन्ही नव्व्याण्णवच्या पाढ्यात आहेत.” १९८० म्हणजे ९९ गुणिले २०, आणि २९७० म्हणजे ९९ गुणिले ३०. ते २० आणि ३० म्हणजे वर्गाचे तुटलेले पुढचे अर्धच! कारण उघड आहे : पुढचा अर्धा भाग वर्गात शंभर पटीने असतो आणि बेरजेत एक पटीने, फरक नव्व्याण्णव पटींचा. आता ४५ चा वर्ग वजा ४५ म्हणजे ४५ गुणिले ४४. तेव्हा प्रश्न असा उरला, की शेजारशेजारच्या दोन संख्यांचा गुणाकार ९९ ने केव्हा भागला जाईल? शेजाऱ्यांत सामाईक अवयव नसतो. म्हणून नऊ एकीत आणि अकरा दुसरीत असले पाहिजेत, नाही तर दोन्ही एकीतच. ४४ आणि ४५. ५४ आणि ५५. आणि ९८, ९९. शंभरच्या आत चौथी जोडी नाही. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ आणि १ मिळून ९९. उत्तर संपले, आणि संपले हे निश्चित कळले. शंभर वर्ग करण्याचे काम तीन ओळींत आले ते सूत्र आधी सांगितल्याने नव्हे; मुलांनी आदल्या दिवशी घाम गाळला होता, म्हणून आज त्यांना त्या तीन ओळींची किंमत कळली.

एका वर्षी तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी हा तास पाहिला. बाहेर पडताना मला म्हणाले, “मास्तर, हे कोणत्या पाठात येते?” कोणत्याच पाठात येत नव्हते. शेऱ्यात त्यांनी ‘वेळेचा अपव्यय’ असे लिहिले. त्यांचाही दोष नाही. त्यांच्याजवळ पाठांची यादी होती आणि ह्या गोष्टीला तीत घर नव्हते.

कापरेकरांना हा शेरा जन्मभर ऐकावा लागला. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांस बोलावीत हे खरे, पण अनेक विद्वानांना त्यांचे काम म्हणजे आकड्यांचा खेळ वाटे. आपले लेखन त्यांनी पुष्कळदा स्वतःच पुस्तिका छापून प्रसिद्ध केले. ६१७४ त्यांना १९४६ साली सापडली. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती सांगितली, आणि अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ ह्या नियतकालिकात तिच्यावरचा लेख १९५५ साली आला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९६६ साली पत्नी वारली होती, निवृत्तिवेतन पुरत नव्हते, आणि उतारवयात शिकवण्या करून त्यांना गुजराण करावी लागली. १९८६ साली ते वारले.

तर तो आकड्यांचा खेळच होता काय? होता, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. कापरेकर पुष्कळदा निरीक्षणापाशी थांबतात. सिद्धतेचा आग्रह त्यांना मोठ्या गणितींइतका नव्हता. दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर ४५, ५५ आणि ६१७४ यांच्यातले नवल उरत नाही, हाही आक्षेप खरा आहे. परंतु ज्या गोष्टीमुळे हे काम संशोधकाला हलके वाटते, तिच्यामुळेच ते शिक्षकाला सोन्यासारखे आहे. वजाबाकी येणाऱ्या मुलाला ह्या घरात शिरता येते, आणि मास्तरांनी जेथे ‘का’ विचारावयाचे सोडले तेथून पुढे त्याला स्वतः चालता येते. रिकाम्या राहिलेल्या त्या जागा म्हणजे वर्गाला ठेवलेले आमंत्रणच.

तीन आकड्यांचे पाहा. ८५२ वजा २५८ म्हणजे ५९४. मधला पाच दोन्हींकडे मधेच आहे, तो कटला. उरला तो टोकांच्या आकड्यांतला फरक, सहा, आणि त्याची नव्व्याण्णव पट. म्हणजे तिन्ही आकडे सारखे नसलेली तीन आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर नऊच उत्तरे शक्य आहेत : ९९, १९८, २९७ अशी ८९१ पर्यंत. नऊ उत्तरे तपासणे म्हणजे पाच मिनिटांचे काम, आणि सगळ्यांची वाट ४९५ ला येऊन मिळते.

चार आकड्यांत असे नऊ नव्हेत, चोपन्न येतात. टोकांच्या फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोहोंच्या फरकाची ९० पट, अशी बेरीज मांडली की चोपन्न जोड्या होतात. सगळे आकडे सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या तर चार आकड्यांच्या ८९९१ संख्या उरतात. त्या पहिल्या वजाबाकीतच ह्या चोपन्न घरांत येऊन बसतात. माझ्या वर्गात साठ मुले होती. मी चोपन्न संख्या फळ्यावर लिहिल्या आणि एकेकाला एकेक वाटून दिली. उरलेल्या सहांनी शेजाऱ्यांच्या वजाबाक्या तपासावयाच्या. अर्ध्या तासात एकेक हात वर येऊ लागला : ६१७४, ६१७४, ६१७४. शेवटी एकच मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे ९९९ आली होती. “सर, माझी नापास झाली,” तो म्हणाला, “नऊशे नव्व्याण्णव वजा नऊशे नव्व्याण्णव, शून्य.” वर्ग हसला. मी काही बोललो नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्याशी गेली आणि ९९९ च्या डावीकडे तिने एक शून्य काढले. चार आकड्यांचा खेळ आहे, तर घरेही चारच पाहिजेत. रिकाम्या घरात शून्य बसते. मग ९९९० वजा ०९९९ : ८९९१. पुढे ८०८२, पुढे ८५३२, आणि त्या मुलाने स्वतः उठून, जरा मोठ्यानेच, सांगितले : “सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर.” चोपन्नही घरे तपासून झाली होती. त्या दुपारी आठवीच्या वर्गाने एक प्रमेय सिद्ध केले होते, आणि तपासणीस कोणी आलेले नव्हते.

त्यांच्या इतर संख्यांविषयी सांगत बसलो तर रात्र पडेल. आपल्या आकड्यांच्या बेरजेने जी भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणारी. रामानुजनांची १७२९ ही हर्षद आहे, कारण तिच्या आकड्यांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. दुसरी एक जात अशी : संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवावयाची. १५ मध्ये सहा मिळवले की २१ होतात, म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आणि २० ला जनकच नाही; कोणत्याही संख्येपासून ती अशी निघत नाही. अशा निपुत्रिकांच्या उलट्या, म्हणजे बिनजनकांच्या, संख्यांना आपण मराठीत स्वयंभू म्हणावे. जगात त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. एवढ्याशा गावाला हा मान मिळाला तो तेथल्या एका शाळामास्तरामुळे.

मघाच्या वर्गातली ती शून्य काढणारी मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. तिने आदल्या रात्री पाच आकडे घेऊन तोच उद्योग केला होता आणि कागद भरून टाकले होते. “सर, ही थांबतच नाही,” असे ती म्हणाली. तिने घेतली होती ५३९५५. ९५५५३ वजा ३५५५९ : ५९९९४. मग ९९९५४ वजा ४५९९९ : पुन्हा ५३९५५. दोन घरांतच ये-जा चालली होती. तिची वजाबाकी चुकली नव्हती. पाच आकड्यांना एक मुक्काम नाहीच. काही संख्या अशा दोन घरांत फिरतात, काही चारांत. ही चार घरांची वाट कोठे सापडते ते मी तिला सांगितले नाही, आणि आपणांसही सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेवर अजून थोडी जागा उरली असेल.